यंत्राचा ताल आणि मातीचा सूर

मंचावर चार माणसे स्तब्ध उभी आहेत. उड्या नाहीत, हातवारे नाहीत. त्यांच्यामागील भव्य पडद्यावर मात्र जुनी फोक्सवॅगन मोटार महामार्गावरून धावते आहे. मग आगगाडी येते, सायकलस्वार येतात. प्रेक्षक त्रिमिती चष्मे लावून यंत्राच्या तालात रंगून गेले आहेत. ‘क्राफ्टवर्क’ या जर्मन वाद्यवृंदाचा हा प्रयोग. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये त्यांना सलग आठ रात्री निमंत्रित केले. २०१३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्येही हे प्रयोग झाले.

‘हे कसले संगीत? नुसता यंत्रांचा गोंगाट!’ अशी प्रतिक्रिया आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांकडून सहज उमटेल. परंतु निकाल देण्यापूर्वी त्यामागचा इतिहास पाहायला हवा.

राल्फ ह्यूटर आणि फ्लोरियान श्नायडर या दोघांनी १९७० मध्ये ड्यूसेलडॉर्फ येथे या वृंदाची स्थापना केली. महायुद्धात पराभूत झालेल्या, स्वतःच्या भूतकाळाची लाज वाटणाऱ्या देशातील ही पिढी. अँग्लो-अमेरिकन रॉक संगीताचा तेव्हा सर्वत्र दबदबा होता आणि अनेक जर्मन तरुण इंग्रजीतच गात. या दोघांनी मात्र आपल्या भाषेत, आपल्या परिसराचे गाणे रचले. कारखाने, महामार्ग, रेल्वे हाच त्यांचा परिसर. आपल्या निर्मितीला ते औद्योगिक लोकसंगीत म्हणत. १९७४ ची ‘आउटोबान’ ही सुमारे तेवीस मिनिटांची रचना जर्मन भाषेतच होती. तरीही त्या नावाची ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. पुढे त्यांनी आपली गीते इंग्रजीतही गायिली. जगासाठी दारे उघडली, पण आपले घर सोडून नव्हे.

यंत्राचे वेड असूनही त्यांचा विवेक सुटला नाही. ‘रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी’ या जुन्या गीताला त्यांनी १९९१ मध्ये अणुधोक्याच्या इशाऱ्याची जोड दिली. फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर, २०१२ मध्ये, तेच गीत त्यांनी जपानमध्ये जपानी ओळींसह सादर केले.

आता आपल्याकडे वळू. ध्वनिवर्धकांच्या भिंती, कृत्रिम ठेका, लेझरचे झोत आणि पडद्यावरची चित्रे ही सामग्री आज आपल्या मिरवणुकांतही आली आहे. लेझर किरणांनी डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत गणेशोत्सवाच्या दिवसांत वाचाव्या लागल्या. आवाजावर मर्यादा घालणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच दिला. तरीही प्रत्येक उत्सवात पोलिसांना तो समजावून सांगावा लागतो. साधने तीच आहेत. उणीव आहे ती सांगण्यासारखे काही असण्याची. जे गीत कोणत्याही लग्नाच्या वरातीत वाजते, तेच श्रींच्या पुढेही वाजते, मग त्याला उत्सवाचे संगीत कसे म्हणावे?

चित्र आणि नाद यांचा संगम आपल्याला परका नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र दाखवीत, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगत आले आहेत. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सन्मान झाला, आनंद वाटला. पण किती मंडळांनी त्या चित्रांना आपल्या मंडपात स्थान दिले?

आपल्या घराघरांत संगणकावर सहज ताल रचणारी, चित्रफिती जोडणारी मुले-मुली आहेत. त्यांना केवळ ‘आवाज बंद करा’ असे सांगून भागणार नाही. त्यांच्या हाती पिंगुळीची चित्रे द्यावीत, ढोल-ताशाचे आणि ओवीचे ध्वनिमुद्रण द्यावे आणि पुढील उत्सवातील एक संध्याकाळ त्यांच्यावर सोपवावी. आवाजाची मर्यादा आपण सांगावी, आशय त्यांनी शोधावा. यंत्र कोणाच्याही मालकीचे असू शकते. त्यातून निघणारा सूर मात्र आपला असायला हवा.