जिरायती गोल्फ

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी आलेले ललितलेख वाचण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यांत इंदापूरकडच्या एका विद्यार्थ्याचा लेख होता. शेंड्याला वाकलेली बाभळीची काठी, लव झडून गुळगुळीत झालेला टेनिसचा चेंडू, मेंढरे चरून गेलेला माळ आणि शे-दीडशे पावलांवर खणलेला एक खळगा, एवढ्या भांडवलावर चार मुले उन्हे उतरल्यावर काय खेळतात, याचे त्यात साधेसुधे वर्णन होते. लेखाचे शीर्षक होते, 'आमचा गोल्फ'. निवड समितीतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी वहीच्या समासात शेरा मारला : 'विषय आपल्या मातीतला नाही.' लेख परत गेला. मी तेव्हा गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हे टिपण.

प्रश्न असा की, हा खेळ नेमका कोणत्या मातीतला आहे? स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली गोल्फवर बंदी घातली ती लोक तिरंदाजीचा सराव सोडून या खेळामागे लागले म्हणून. मूठभर उमरावांच्या विरंगुळ्यासाठी राज्यसत्तेला अशी बंदी घालावी लागत नाही. पुढे १५५२ साली सेंट अँड्रूजच्या आर्चबिशपने एक सनद दिली. समुद्रकाठच्या वाळवट, नापीक पट्ट्यावर गोल्फ व फुटबॉल खेळण्याचा आणि गुरे चारण्याचा नगरवासीयांचा हक्क तीत मान्य केला आहे. गुरे आणि खेळ यांचा एकाच दमात उल्लेख करणारा हा दस्तऐवज आपल्या भाषेत सांगायचा तर गायरानाचा दस्तऐवज आहे. तेथील 'ओल्ड कोर्स' आजही सार्वजनिक मालकीचा आहे. रविवारी एरवी तेथे खेळ बंद असतो आणि गावकरी त्यावरून फिरायला जातात. जगभरच्या गोल्फपटूंना जे तीर्थक्षेत्र वाटते, ते मुळात गावचे चराऊ रान आहे.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला 'बागायत' आणि 'जिरायत' हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने या दोन तालुक्यांची अशी उभी फाळणी केली की, एकाच आडनावाच्या दोन घरांतील सोयरिकीही पाटाचे पाणी पाहून ठरू लागल्या. गोल्फचेही असेच झाले. काठी, चेंडू आणि खळगा हा जिरायती गोल्फ. तो पावसावर आणि मेंढरांवर पोसला गेला. कापलेली मखमली हिरवळ, रोजचे लाखो लिटर पाणी, कुंपण, फाटकावरचा पहारेकरी आणि सभासदत्वाची प्रतीक्षायादी हा बागायती गोल्फ. तो नंतरचा आहे. आमच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्यालाच पहिला समजून निकाल दिला. जिरायतीतल्या मुलाला बागायतीच्या हिशेबाने नापास करण्याची ही आपली सवय काही नवी नाही.

'कमी खर्चात गोल्फ' या विषयावर पुष्कळ उपदेश उपलब्ध आहे. जुन्या काठ्या घ्या, हरवलेले चेंडू वेचून वापरा, आडवारी सवलतीच्या दरात खेळा. सल्ला खोटा नाही. मात्र तो फाटकाच्या आत गेलेल्या माणसासाठी आहे. ज्याला काटकसर करावयाची की नाही हे ठरविता येते, त्याचीच काटकसर हा सद्गुण ठरतो. वस्तुतः खेळाचे नियमही इतके खर्चिक नाहीत. पिशवीतील चौदा काठ्या ही कमाल मर्यादा आहे, किमान कोणतीच नाही. चिक इव्हान्सने १९१६ सालची अमेरिकन ओपन स्पर्धा सात काठ्यांवर जिंकली. हिरवळीचीही सक्ती नाही. ऑस्ट्रेलियातील कूबर पेडी या खाणगावी गवताचे पातेही नाही. खेळाडू कृत्रिम गवताचा एक तुकडा बरोबर बाळगतात, त्यावर चेंडू ठेवून टोला मारतात आणि तुकडा उचलून पुढे चालू लागतात. आपल्याकडील लष्करी छावण्यांच्या कित्येक जुन्या मैदानांवरही 'ग्रीन'ऐवजी तेल मिसळून दाबलेल्या वाळूचे 'ब्राऊन' असत. तेव्हा खर्च येतो तो हिरवळीचा आणि कुंपणाचा. खेळाच्या नावावर त्याचे बिल फाडले जाते, इतकेच.

मुंबईत चेंबूरला १९२७ साली स्थापन झालेला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. सभासदांच्या पिशव्या वाहणारे काही कॅडी आसपासच्या वस्त्यांत राहतात. बांधकामाची लोखंडी सळई वाकवून केलेल्या काठीने आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने ते आपल्या गल्लीबोळांत गोल्फ खेळतात. देशी-परदेशी छायाचित्रकारांनी या खेळाची छायाचित्रे जगभर नेली. त्याबद्दल लिहिले गेले ते मात्र एकाच सुरात : गरिबीवर मात, जिद्द, स्वप्ने. हा सूर मला समासातल्या त्या शेऱ्याइतकाच आक्षेपार्ह वाटतो. शेरा म्हणतो, 'हा तुमचा खेळ नव्हे.' कौतुक म्हणते, 'तुमचा नसूनही तुम्ही खेळता, धन्य आहे!' दोहोंचे गृहीतक एकच. अरुंद बोळात गटार, कपड्यांची दोरी आणि शेजारणीचे पाण्याचे पिंप चुकवून चेंडू नेमका टाकणे हे कौशल्य आहे. त्याकडे कौशल्य म्हणून पाहण्याइतका आदर आपण दाखवत नाही.

कॅडी असलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, २००९ साली ती बंगळूरच्या चिन्नस्वामी मुनियप्पा यांनी जिंकली. तेही पूर्वी कॅडीच होते. ही उदाहरणे मी मुद्दाम शेवटी ठेवली. कारण माळावर खेळणाऱ्या मुलाने उद्या काही जिंकलेच पाहिजे, तरच त्याचे खेळणे समर्थनीय, असे मला म्हणावयाचे नाही. श्रीमंताच्या मुलाला खेळण्यासाठी कारण लागत नाही. गरिबाच्या मुलाला चषक दाखवावा लागतो.

येथे एक आक्षेप रास्त आहे. पावसाची सरासरी जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास असलेल्या, जिरायत पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यांत गोल्फची भाषा कशाला? बागायती गोल्फला माझाही विरोध आहे. (उसाच्या तहानेबद्दल मौन पाळून केवळ गोल्फच्या पाण्यावर अग्रलेख लिहिणाऱ्यांचा विरोध मात्र मला अर्धवट वाटतो.) येथले माळ सरकारदफ्तरी 'पडीक' असले तरी रिकामे नाहीत. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात आणि इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकारा आहेत. गायरानावर पहिला हक्क गुरांचा आणि भूमिहीनांचा. गावाच्या सामायिक जमिनी राखण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात राज्यांना बजावले, तरी त्या आक्रसतच आहेत. त्या मुलांनी माळाकडून मागितले आहे काय? एक खळगा. तोही पावसाळ्यात बुजतो.

विटीदांडूतील वकट, लेंड, मूंड हे आकडे तेलुगू-कन्नडच्या घरातून आले, असे आपण वर्गात कौतुकाने शिकवतो. परक्या आकड्यांनी मोजलेला खेळ आपल्या मातीतला ठरतो, कारण मुलांनी तो विचारल्याशिवाय आपलासा केला. हीच मुभा बाभळीच्या काठीला नाकारण्याचा अधिकार मराठीच्या प्राध्यापकांना कोणी दिला? साहित्यात 'माती' या शब्दाचे आपण कुंपण केले आहे, आणि त्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून आपणच उभे आहोत.

त्या लेखात एक वाक्य होते, ते मला अजून आठवते. चेंडू खळग्यात पडल्यावर आवाज येत नाही, कारण आत माती असते. म्हणून प्रत्येक वेळी जवळ जाऊन पाहावे लागते, असे त्याने लिहिले होते. समितीतील आम्ही कोणीच जवळ जाऊन पाहिले नाही.