पोटातील वस्ती आणि लेकीचे आरोग्य

रविवार हा जोतिबाचा वार. कोल्हापूरपासून सुमारे अठरा किलोमीटरवर असलेल्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर त्या दिवशी नवी जोडपी गुलालाने माखलेल्या पायऱ्या चढताना दिसतात. लग्नाला दोन-तीन वर्षे लोटूनही पाळणा हलला नसेल, तर घरातील वडीलधारे नवस बोलतात. श्रद्धेविषयी वाद नाही. परंतु अशा नवसामागे कधी कधी एक अहवाल असतो आणि तो सुनेच्या माहेरच्या कपाटात लग्नापूर्वीपासून पडून असतो. पाळी दोन-दोन महिने लांबणे, हनुवटीवर केस, मुरुमे, वाढते वजन आणि सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओएस’ ही अक्षरे. स्थळ मोडेल या भीतीने तो कागद झाकला जातो. वहीत न नोंदविलेले देणे फिटत नाही, त्यावर व्याज चढते, हे व्यापारी घरास सांगावयास नको. येथे व्याज म्हणजे पुढे जडणारा मधुमेह, आणि पाळी दीर्घकाळ न आल्यास गर्भाशयाच्या अस्तराचे विकार.

हा आजार दुर्मीळ नाही. मुंबईतील १५ ते २४ वयोगटातील मुलींच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के आणि अधिक कडक निकषांनुसार १०.७ टक्के मुलींत तो आढळला. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांवरून त्याचे वर्णन केले. नाव मात्र फसवे आहे. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत, वाढ अर्ध्यावर थांबलेले बीजकोश होत. ‘अंडाशयात गाठी आहेत’ एवढे ऐकून हाय खाणाऱ्या आईस हे कोणीतरी आधी सांगावयास हवे.

अनेक रुग्णांत शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग शरीर ते अधिक प्रमाणात तयार करते आणि त्या वाढीव इन्सुलिनमुळे अंडाशयात पुरुषी संप्रेरके वाढतात. या साखळीत आतड्यातील जिवाणूंचा हात असावा, अशी उपपत्ती ऑस्ट्रेलियातील ट्रेमेलन आणि पिअर्स यांनी २०१२ साली मांडली. धान्याच्या कोंड्यातील व डाळीच्या सालीतील तंतू आपणास पचत नाहीत. ते या जिवाणूंचे अन्न. त्यांपासून ते जी आम्ले बनवितात, त्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. अस्तर दुबळे झाले की जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात, अंगात मंद दाह राहतो आणि इन्सुलिनचे काम बिघडते. २०१९ साली बीजिंगच्या संशोधकांनी रुग्ण स्त्रियांच्या विष्ठेतील जिवाणू उंदरांच्या पोटात सोडले, तेव्हा उंदरांतही याच विकाराची लक्षणे उमटली. तरीही उंदीर म्हणजे सून नव्हे. जिवाणूंच्या महागड्या कॅप्सूल विकणारे हा भेद गिळून टाकतात. त्यांवरील मानवी चाचण्या अद्याप लहान आहेत.

पुण्यातील संशोधकांना भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला या जिवाणूचे प्राबल्य आढळले आहे. तंतुमय, वनस्पतिजन्य आहाराशी त्याचा संबंध जोडला जातो. यावरून ‘आपण शाकाहारीच आहोत’ असे समाधान मानू नये. मैदा, फरसाण, मिठाई आणि पांढरा तांदूळ हाही शाकाहारच. कांदा-लसूण वर्ज्य, चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य. अशा घरात तंतूंचा भार सालीसकटच्या मूग-मटकी-हरभऱ्यावर, ज्वारीवर आणि पन्हाळ्याकडील नाचणीवर पडला पाहिजे. मोड आलेले कडधान्य चालत नसेल, तर नुसते भिजवून शिजवावे. दही मर्यादेतले, ताजे घ्यावे. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी ते वेगळ्या वेळी घ्यावे, त्याने काही बिघडत नाही.

चौविहाराबद्दलही थोडे. चीनमधील एका छोट्या अभ्यासात पंधरा स्त्रियांनी पाच आठवडे सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच अन्न घेतले. वजन, इन्सुलिन व पुरुषी संप्रेरकांत सुधारणा दिसली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून निष्कर्ष जपून घ्यावा. शिवाय सूर्यास्तापूर्वी घाईघाईने भरपेट गोडधोड उरकले, तर नियम पाळला जाईल. साखर मात्र उतरणार नाही.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार कोणताही एक ठरावीक आहार इतरांहून सरस ठरलेला नाही. पाळी नियमित करण्यासाठी संप्रेरकांच्या गोळ्या आणि चयापचयासाठी मेटफॉर्मिन ही औषधे आहेत; यांतील मेटफॉर्मिन आतड्यातील जिवाणूंची वस्तीही बदलते. बीज न सुटल्याने मूल होत नसेल, तर प्रथम लेट्रोझोलचा विचार होतो. औषध डॉक्टरांनीच ठरवावे, पण तो जुना कागद त्यांच्यापुढे ठेवावा, आणि सासरच्यांनी तो शांतपणे वाचावा. नव्वद दिवसांहून अधिक काळ पाळी आली नाही, तर सण, परीक्षा वा दुकानाचा हंगाम आड येऊ न देता तपासणी करून घ्यावी. साखरेची तपासणी त्याच वेळी करावी. मुलगी सडपातळ आहे म्हणून ती टाळू नये.

त्याच सूचनांत आठवड्यास किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. गल्ल्यावर बसणाऱ्या घरांत तो सर्वांनाच कमी पडतो. जोतिबाला जाताना गाडी खाली ठेवून गायमुखाकडून पायी चढल्यास एका सकाळीच त्यातील बरीच मिनिटे जमेस पडतात, आणि सासूही बरोबर चालली तर सुनेला एकटीलाच पथ्य सांगितल्यासारखे वाटत नाही.