शेवटची ओळ आणि पहिली चूक

मराठीच्या अध्यापकांनी संगणकाच्या कर्नलविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु लिनक्सचा कर्नल स्वतः बांधू पाहणाऱ्याला अपयश आले की तो जे करू लागतो, ते मुळात वाचनच असते. साहित्याच्या वर्गात आज दुर्लक्षिली जाणारी एक शिस्त त्या वाचनात जिवंत आहे, असे आमचे मत आहे.

कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. यंत्राचे भाग आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामधला मध्यस्थ. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची घोषणा केली, तेव्हापासून त्याची मूळ संहिता कुणालाही वाचता येते. तीत नको ते वगळून आपल्या यंत्रापुरता कर्नल बांधता येतो. या निवडींची फाइल हजारो ओळींची असते. बहुतेक घटकांपुढे तीन पर्याय असतात : गाभ्यातच हवा, सुटे मॉड्यूल म्हणून हवा, की नकोच.

बांधणी मध्येच थांबली, की पडद्यावर शेवटी एक त्रोटक 'एरर' उरते. नवखा माणूस त्याच ओळीवर उपाय शोधत बसतो. वास्तविक ती ओळ एवढेच सांगते, की आधी कुठेतरी काही बिघडले. अनेक कामे एकदम चालू असल्याने संदेशांची सरमिसळही झालेली असते. जाणकार एका वेळी एकच काम चालेल अशा रीतीने बांधणी पुन्हा करतो आणि पहिल्या चुकीपाशी जाऊन पोहोचतो. तेथे पुष्कळदा कारण साधेच निघते : आवश्यक लायब्ररी बसवलेली नसते, किंवा जुन्या कर्नलची संहिता नव्या कंपायलरला मान्य होत नाही.

कधी बांधणी निर्वेध पार पडते, आणि यंत्र सुरू होतानाच 'कर्नल पॅनिक' होऊन थबकते; मूळ फाइल सिस्टीम सापडत नाही, अशी त्याची तक्रार असते. डिस्क वाचण्यासाठी लागणारा ड्रायव्हर सुटे मॉड्यूल म्हणून त्याच डिस्कवर ठेवला गेला, तर असे घडते. किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावावे, तसा हा प्रकार. तो ड्रायव्हर गाभ्यात घ्यावा, किंवा आरंभीच स्मृतीत चढणाऱ्या छोट्या फाइलसंचात त्याची सोय करावी, म्हणजे कुलूप उघडते. येथे एकही घटक सदोष नसतो. दोष असतो तो क्रमात.

कालचा कर्नल चालत होता आणि आजचा चालत नाही, अशा वेळी टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली निर्माण केलेल्या 'गिट'मधील 'बायसेक्ट' ही सोय कामी येते. चांगल्या आणि बिघडलेल्या आवृत्तीमधला नेमका मध्य घ्यायचा, तपासायचा, आणि ज्या अर्ध्या भागात दोष उरतो तोच पुन्हा निम्मा करायचा. दहा हजार बदलांमधून दोषी बदल अशा चौदाएक चाचण्यांत हाती लागतो. तर्कबाजीला येथे वाव नाही; आवृत्त्या कोठे फुटल्या, एवढाच प्रश्न.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तेथील संपादकांनी याच प्रश्नाने हस्तलिखिते वाचली : कोणत्या प्रतींत एकच पाठभेद आहे, कोणता मजकूर मागाहून शिरला, प्रतींच्या शाखा कोठे वेगळ्या झाल्या. सामाईक चूक हा पाठचिकित्सेत नात्याचा पुरावा ठरतो. चुकीला शरमेची बाब न मानता साक्षीदार मानणे, हा दोन्ही व्यवहारांतला समान संस्कार आहे.

साम्य येथे संपते, हेही सांगितले पाहिजे. यंत्र निवाडा देते : ते सुरू होते किंवा होत नाही. कवितेचा चुकीचा अर्थ लावला म्हणून पुस्तक बंद पडत नाही; उत्तरपत्रिकेत त्याला गुणही मिळू शकतात. म्हणूनच कर्नल बांधणाऱ्यापेक्षा आपली जबाबदारी अधिक. बाहेरून अडवणारे कुणी नसेल, तेथे शिस्त आतूनच यावी लागते.

तयार कर्नलवर बहुतेकांचे भागते, तसे तयार मार्गदर्शिकेवर परीक्षेपुरते विद्यार्थ्याचेही भागते. पण बिघाड कोठे आहे हे त्याला कधीच कळत नाही. निष्कर्षाची शेवटची ओळ तेवढी त्याच्या हाती असते. एम.ए.च्या पहिल्या सत्रात आशय आणि अभिव्यक्ती विचारण्यापूर्वी एकाच अभंगाचे दोन छापील पाठ विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत आणि एवढेच विचारावे : हे दोन पाठ प्रथम कोणत्या शब्दापाशी वेगळे होतात, आणि कशामुळे? ज्याला त्या शब्दापाशी थांबता आले, त्याला पुढचे वाचन शिकवणे अवघड नाही.