पेल्याचा घाटरस्ता

मुंबई-पुण्याच्या उंची हॉटेलांत बारचा मेन्यू आता सावकाश वाचावा असा झाला आहे. कोकमाचे आगळ घातलेली जिन, जांभळाच्या रसातली व्होडका, गुळाचा पाक, चिंच, हिरवी मिरची आणि कुठे कुठे मोहसुद्धा. प्रवासात असे काही नवे चाखून पाहण्यात आनंद आहे आणि ते बनवणाऱ्याची कल्पकता दाद द्यावी अशीच आहे. पण ही कल्पकता आजकालची नव्हे. तिचा माग काढायचा तर जुन्नरला यावे.

जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. सातवाहनकाळी कोकणातल्या बंदरांचा माल याच वाटेने देशावर चढे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात वाइन आहे. इटलीची सर्वांत पसंतीची, शिवाय लाओडिसियाची आणि अरबस्तानची. राजासाठी आणायची ती खास उंची. हा राजा म्हणजे क्षत्रप नहपान, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६चा दानलेख जुन्नरच्या मानमोडी डोंगरात कोरलेला आहे. शिवनेरीच्या लेण्यांत तर चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. दूरदेशीचा माणूस इथे नुसता माल विकून जात नव्हता, इथल्या पंगतीची सोयही करून जात होता.

मग १६७५ साल. शिवराज्याभिषेकाला एक वर्ष झालेले, जुन्नर आणि शिवनेरी मात्र मुघलांकडे. तिथल्या मुघल अंमलदाराच्या बोलावण्यावरून ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर मुंबईहून घाट चढून जुन्नरला आला आणि नाणेघाटाने परतला. त्याचा प्रवासग्रंथ १६९८मध्ये लंडनला छापला गेला. या ग्रंथात जुन्नरच्या हकिगतीबरोबर आणखी एक मोलाची नोंद आहे. गोव्यातल्या नेरुळची दारू सर्वांत उत्तम आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून पाच जिनसांचे ‘पंच’ करतात, असे तो लिहितो. त्याआधी १६३८मध्ये सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशानेही दारू, गुलाबपाणी, लिंबूरस आणि साखर यांचे असेच मिश्रण नोंदवले होते. खलाशी ते युरोपात घेऊन गेले, लंडनमध्ये त्याचे मोठमोठे वाडगे भरू लागले. आजच्या कॉकटेलचे मूळ घराणे हेच. आंबट, गोड, कडक आणि मसालेदार यांचा तोल आपल्या किनाऱ्यावर सापडला होता, हे प्रत्येक बारटेंडरला शिकवले पाहिजे.

पण आजच्या मेन्यूतली मोहाची चव ज्यांच्या रानातून येते त्यांच्या वाट्याला काय आले? नाणेघाट उतरला की मुरबाड-शहापूरची राने लागतात. तिथे चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले गळतात. त्याआधी झाडाखालचा पाचोळा साफ केलेला असतो. बायका-पोरे उजाडायच्या आत टोपल्या घेऊन जातात. टपोरी, पिवळसर, गोड वासाची फुले एकेक करून वेचतात आणि अंगणात वाळत घालतात. ती भाजून खातात, गुरांना देतात आणि आंबवून दारूही गाळतात. इंग्रज सरकारने १८७८च्या अबकारी कायद्याने घरगुती भट्ट्या मोडल्या आणि १८९२च्या मोह कायद्याने ठाणे-कुलाब्यात फुलांवरच बंधने घातली. उरणच्या मोठ्या भट्ट्यांतली कर भरलेली मोहाची दारू मात्र विकली जात राहिली. माझ्या मते हा आरोग्याचा विचार नव्हता, महसुलाचा होता.

स्वातंत्र्यानंतरच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यामागे गांधीविचार होता आणि दारूने मोडलेल्या संसारांचे दुःखही होते. ते दुःख आजही खरे आहे. पण परवान्याच्या राज्यात जमले कोणाला? १९३३पासून चालू असलेल्या ताजमहाल हॉटेलच्या हार्बर बारसारख्या ठिकाणांना. रानातला माणूस गुन्हेगारच राहिला.

जुन्नर तालुक्याला मध्यंतरी एक संधी मिळाली होती. शाम चौगुले यांनी १९८०च्या दशकात नारायणगावला फ्रान्सच्या पायपर-हायडसिकच्या तांत्रिक साहाय्याने फेसाळ वाइन बनवली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती थेट युरोपात गेली. द्राक्षवाइन उत्तम होऊ शकते, हे नाशिकच्या आधी नारायणगावने दाखवले. २००८च्या मंदीनंतर चौगुले यांची कंपनी कर्जात बुडाली, आणि जुन्नर-आंबेगावातून पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला आज ती गोष्ट सांगणारेही फारसे कोणी भेटत नाही.

गोव्याने काजूफेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले आणि २०१६मध्ये तिला राज्याचे वारसापेय ठरवले. महाराष्ट्राने २०२१मध्ये मोहफुलांवरची बंधने सैल केली, हे चांगलेच झाले. आता पुढचे पाऊल हवे. आदिवासींच्या सहकारी संस्थांना छोट्या, तपासणीखालच्या भट्ट्यांचे परवाने द्यावेत. आहुपे-भीमाशंकरच्या पट्ट्यातल्या करवंद-जांभळांचा रस काढून टिकवण्याची सोय गावातच करावी. आणि हॉटेलांनी मेन्यूवर व्हिस्कीसाठी स्कॉटलंडच्या खोऱ्याचे नाव छापतात त्याच अक्षरांत फूल वेचणाऱ्या गावाचेही नाव छापावे, त्या गावाला त्याचा भाव द्यावा.