खुलासाही त्याच ग्रुपवर जाऊ द्या

आषाढीच्या आधी माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला येते, तेव्हा शहर अनोळखी माणसांनी भरून जातं. घराघरांतून त्यांना पाणी मिळतं, ओसरीवर जागा मिळते. एरवी त्याच रस्त्यावर अनोळखी भगवा दिसला, तर मोबाइल बाहेर निघतात.

सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातले चार साधू पंढरपूरला निघाले होते. सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. मुलं पळवणारी टोळी आल्याचा संशय पसरला आणि जमावाने त्यांना काठ्यांनी झोडपलं. पोलिसांनी चौकशी केली, तेव्हा ते खरेच साधू निघाले.

ते जिवानिशी वाचले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण अशाच संशयावरून मारले गेले.

त्या वर्षी देशभर एक क्लिप फिरत होती. मोटरसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणारं पोर उचलून पळतात. ती कराचीत केलेली जनजागृतीची चित्रफीत होती. मूळ चित्रफितीत ते दोघे लगेच परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. फिरवणाऱ्यांनी नेमका हा शेवट कापला होता. ‘बूम’, ‘ऑल्ट न्यूज’सारख्या संकेतस्थळांचं काम असा कापलेला भाग शोधण्याचं. दृश्य थांबवून त्याचा फोटो इंटरनेटवर शोधायचा आणि मूळ व्हिडिओ गाठायचा. ‘फॅक्ट क्रेसेंडो’ आणि ‘न्यूजचेकर’ हे काम मराठीतही करतात.

पण खुलासा संकेतस्थळावर वाट पाहत बसतो आणि अफवा थेट गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. शंका येऊन शोधणाऱ्यालाच तो सापडतो. घाबरलेला माणूस शोधत बसत नाही. म्हणून ॲडमिनने खोटा मेसेज नुसता काढून टाकणं अपुरं आहे, कारण तोवर तो निम्म्या गावाने पाहिलेला असतो. खुलाशाची लिंक त्याच ग्रुपवर, दोन ओळींच्या सोप्या मराठीत टाकायला हवी. पोलीस पाटील, शिक्षक, सरपंच यांनी ती टाकली तर गाव ऐकतं.

फलटण तालुक्यातल्या प्रत्येक ॲडमिनने आजच ‘फॅक्ट क्रेसेंडो’ आणि ‘न्यूजचेकर’ यांच्या मराठी संकेतस्थळांचे पत्ते ग्रुपवर पिन करून ठेवावेत. सोबत ११२ हा आपत्कालीन क्रमांकही द्यावा. संशय खरा वाटला, तरी पहिला फोन तिथेच जायला हवा.