चोवीस तासांची बाई

"बाई बारा तासांची हवी की चोवीस तासांची?" नर्सिंग ब्युरोच्या माणसाने फोनवर विचारले, आणि मी इथे बेळगावात बसून, दूधवाल्याला एक लिटर सांगावे तितक्या सहजपणे सांगून टाकले, "चोवीस तासांची." आत्या बडोद्याला, नागरवाड्यातल्या जुन्या घरात. वय ८३, पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली. आतेभाऊ परदेशी. पैसे त्याने पाठवायचे, व्यवस्था मी बघायची, असे आमचे ठरले होते.

दीड महिन्याने गेलो तेव्हा आत्याच्या माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती. लघवीची पिशवी उशाशी खुंटीला टांगलेली. ती नेहमी कमरेच्या खाली राहिली पाहिजे, नाहीतर लघवी उलटी फिरते, हे बाईला कोणी सांगितलेच नव्हते. (खरे बोलायचे तर मला तरी कुठे ठाऊक होते?) पेज आडव्यानेच भरवली जाई, ठसका लागला की बाई पाठीवर थापट्या मारी. मी तिच्यावर वाट्टेल तसा ओरडलो. ती दाहोदकडची, तिशीच्या आतली पोर. निमूट ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "भाई, हुं सूउं क्यारे?" मी झोपू कधी?

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि वाचकहो, तुमच्यापाशीही नाही. ज्याला स्वतः हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. रात्रीही. दिवसभर अंग पुसायचे, भरवायचे, कपडे धुवायचे आणि रात्री दहा, बारा, दोन, चार, सहाला उठायचे, असे दीड महिना, एकही सुटी न घेता करणारे माणूस अजून जन्माला आलेले नाही. हा हिशेब तिसरीतला पोरगाही करील. आपण करत नाही, कारण तो न करण्यातच आपली सोय आहे. "चोवीस तासांची बाई" हा शब्दच खोटा आहे. ब्युरो तो विकतो आणि आपण डोळे मिटून विकत घेतो. फलकावरच्या एका शब्दासाठी मोर्चे काढणारी आपण सीमाभागातली माणसे, आणि हा शब्द बिनतक्रार गिळतो!

ब्युरोकडे तक्रार केली. दुसऱ्या दिवशी बाई बदलून आली. आधीची पिशवी उशाशी टांगत होती, हिने खाटेवरच ठेवली. आम्ही देतो त्यातले बाईच्या हातात किती पडतात, असे विचारले तर, "ते आमचे आतले." तिला शिकवले कोणी? "अनुभव आहे ना, साहेब."

आता हे बघा. पहारेकरी पुरवण्याचा धंदा करायचा तर २००५ सालच्या कायद्याने परवाना लागतो. पहारेकऱ्याची चारित्र्यपडताळणी लागते. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत त्याला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, असे शिक्षण सांगितले होते. म्हणजे फाटकाशी उभा राहणारा शिकलेला हवा. आत खाटेवरचे माणूस उचलणारी कशीही चालते. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देतो, पण त्या पैशांत घरी येणारी सेवा कशी असावी, याचे मोजमाप त्यात नाही. २०१६ च्या अपंगांच्या कायद्यात, ज्यांना फार आधार लागतो त्यांच्यासाठी सेवकभत्त्याची तरतूद आहे. भत्ता मिळालाच, तर तो घेऊन जाणार कुठे? याच ब्युरोत. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले होते. लोकसभेची मुदत संपली आणि २०२४ मध्ये तेही तिच्याबरोबर गेले. त्यासाठी कोणी बंद पुकारल्याचे मला आठवत नाही.

"घरातली सेवा घरातल्या मायेवर चालते, तिथे सरकार कशाला?" असे आमच्या मंडळातले एक वडीलधारे म्हणाले. त्यांच्याविषयी आदर राखून सांगतो: आत्याचे घर ज्या शहरात आहे तिथल्या सयाजीरावांनाही लोकांनी असेच ऐकवले असेल. पोराला शाळेत घालायचे की नाही हा बापाचा प्रश्न! त्यांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि न पाठवणाऱ्याला दंड लावला. मायेवर सोडले नाही. आणि माया विकत मिळत असती तर दरपत्रक कशाला लागले असते?

"हल्ली बाया चांगल्या मिळत नाहीत" ही तर आपली आवडती तक्रार. न शिकवलेली, न झोपलेली, निम्म्या पगारावरची बाई चांगली कशी निघावी?

आम्ही मग बारा-बारा तासांच्या दोन बायका ठेवल्या, आठवड्याच्या सुटीसाठी तिसरी. एका निवृत्त परिचारिकेने येऊन तिघींना कूस बदलणे, बसवून भरवणे, पिशवी रिकामी करणे हाताला धरून शिकवले. तीन दुपारी गेल्या, जास्त नाही. जखम भरायला साडेचार महिने लागले. खर्च दुपटीहून वर गेला. आतेभावाचा फोन आला, "दादा, चोवीस तासांची एक मिळत नाही का रे?" मी त्याच्यावर रागावलो, पण पहिला शब्द माझाच होता.

ज्यांना हा खर्च झेपत नाही अशी घरे नागरवाड्यात आहेत, तशी शहापुरातही आहेत. त्यांच्यासाठी ते पडलेले विधेयक पुन्हा मांडले गेले पाहिजे, आणि या वेळी त्यात बाईच्या झोपेचे तास लिहिले गेले पाहिजेत.