प्रश्न विचारणारा उरला कोण?

गेल्या गणेशोत्सवात आरतीनंतर पंगत बसली होती. विषय निघाला संसदेचा. आपल्यातलेच एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांच्या शब्दाला समाजात मान आहे, म्हणाले, "अहो, या विरोधकांना दुसरा उद्योग काय? सतत प्रश्न, सतत आरडाओरडा. सरकारला काम करू द्या की!" पंगतीतल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसलो. वयाचा मान, आणि खरे सांगायचे तर पानात गरम मसालेभात होता. पण ते वाक्य घरापर्यंत माझ्याबरोबर आले, ते अजून गेलेले नाही.

वाचकहो, हे वाक्य दुसऱ्या कोणी म्हटले असते तर एवढे लागले नसते. आपण होळकरांबरोबर माळव्यात आलेली माणसे. फडणीस, मुजुमदार ही आपल्यातली आडनावे कशावरून पडली? हिशेब ठेवणे आणि हिशेब विचारणे यावरून. ज्यांच्या पणजोबांनी महालाच्या वसुलीतली दिडकी चुकली तरी कमाविसदाराला खुलासा मागितला, त्यांची नातवंडे आज म्हणतात की मंत्र्याला विचारू नका, त्याला त्रास होतो!

आधी हे विचारणे म्हणजे काय, ते पाहू. लोकसभेत सकाळी अकराला कामकाज सुरू होते ते प्रश्नांनी. खासदाराला साधारणपणे किमान पंधरा दिवस आधी प्रश्न लिहून द्यावा लागतो. शेकडो प्रश्नांतून चिठ्ठ्या काढून दिवसाला वीस तारांकित प्रश्न निवडले जातात. त्यांची उत्तरे मंत्र्याने सभागृहात उभे राहून द्यायची. बाकीच्यांना लेखी उत्तर मिळते. आता पहिले उत्तर देणे सोपे असते. खात्याने फाईल तयार करून दिलेली असते, साहेब वाचून दाखवतात. खरी परीक्षा त्यापुढच्या पूरक प्रश्नाची. "आपण म्हणता आकडेवारी नाही, मग अमुक पैसे कशाच्या आधारावर वाटले?" असे कोणी उभे राहून विचारले की फाईल कामाला येत नाही. खाते कळते की नाही, ते तिथे उघडे पडते.

ही गोष्ट इंग्रजांनाही पक्की ठाऊक होती. १८९२ च्या कायद्याने त्यांनी कौन्सिलातल्या आपल्या माणसांना प्रश्न विचारण्याचा हक्क दिला, पण पूरक प्रश्नाचा दिला नाही. लोकमान्य टिळक १८९५ ते १८९७ या काळात मुंबईच्या कौन्सिलात होते, ते या नियमाखाली. उत्तर मिळाले की खाली बसायचे! पूरक प्रश्नाची मुभा १९०९ च्या सुधारणांनी आली, तीही मूळ प्रश्न विचारणाऱ्यापुरतीच.

आणि २०२० च्या सप्टेंबरात काय झाले? करोनाचे कारण देऊन संसदेच्या पावसाळी अधिवेशनातला प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला. लेखी उत्तरे तेवढी ठेवली. म्हणजे आपल्याला नेऊन बसवले १९०९ च्या मागे! त्याच अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, १४ सप्टेंबरला, लोकसभेत लेखी विचारले गेले की टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले. कामगार मंत्रालयाचे उत्तर आले, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. संपले. पुढे विचारायला कोणी उभे राहू शकत नव्हते, कारण तो तासच नव्हता.

इंदूरकरांना ते मजूर वर्तमानपत्रात पाहावे लागले नाहीत. त्या मे महिन्यात मुंबई-आग्रा रस्त्याने, सेंधव्याकडून येणारी माणसे बायपासवरून रात्रंदिवस जात होती. पायी, सायकलवर, ट्रकच्या टपावर. आपल्यातल्या किती घरांनी तिथे पाणी, पोहे, चपला नेऊन दिल्या! मग ज्यांना आपण हाताने पाणी दिले, त्यांच्यातले किती घरी पोहोचले नाहीत, हे मंत्र्याला समोरासमोर विचारणे म्हणजे आरडाओरडा काय?

मराठी माणसाने या कामात नाव काढले आहे, हेही विसरू नये. पुण्यात जन्मलेले मधु लिमये बिहारातल्या मुंगेर आणि बांक्यातून निवडून जात. नियमांचे पुस्तक त्यांना एवढे पाठ की ते उभे राहिले की मंत्री कागद चाळू लागत. १९७४ च्या पाँडिचेरी परवाना प्रकरणात त्यांनी आणि इतर विरोधकांनी इंदिराबाईंच्या सरकारला सळो की पळो करून सोडले. पुढच्याच वर्षी आणीबाणी आली आणि त्या जुलैच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास गुंडाळण्यात आला. लिमये तेव्हा आपल्याच मध्य प्रदेशातल्या तुरुंगांत होते. लोकसभेची मुदत वाढवून घेतली, तेव्हा १९७६ मध्ये तुरुंगातूनच त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. पाच वर्षांसाठी निवडून आलो, पाच वर्षे संपली. इतका साधा हिशेब.

आणि नाव घालवणारेही आपलेच, हे लपवून कसे चालेल? डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना अकरा खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचे. २३ डिसेंबरला साऱ्यांची हकालपट्टी झाली. त्यांत एक जळगावचा होता, एक एरंडोलचा. खानदेश म्हणजे आपल्या किती घरांचे आजोळ. आणि आपल्या राज्यातले ग्वाल्हेर व सिधीचे खासदारही त्याच यादीत. पक्ष सगळे होते, भाजप, बसप, काँग्रेस, राजद, कोणी कोणाकडे बोट दाखवू नये. चोरी तिजोरीतच होते. प्रश्नाला किंमत होती म्हणून तर तो विकला गेला.

आता जरा घराजवळ येऊ. २००९ मध्ये रतलामचे अपक्ष विधायक पारस सकलेचा यांनी भोपाळच्या विधानसभेत पीएमटी परीक्षेतल्या गैरप्रकारांचा विषय काढला. सरकारने वर्षअखेर चौकशी समिती नेमली. त्यानंतर २०१० ची परीक्षा झाली, २०११ ची झाली, २०१२ ची झाली. जुलै २०१३ मध्ये आपल्याच शहरात पोलिसांनी तोतया परीक्षार्थी पकडले, तेव्हा कुठे व्यापमं हा शब्द घराघरांत पोहोचला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. मधल्या वर्षांत आपल्या कॉलन्यांतली किती मुले प्रामाणिकपणे रात्री जागून त्या परीक्षेला बसली असतील! एका अपक्षाने विचारलेल्या प्रश्नाला तेव्हाच खरे उत्तर मिळाले असते, तर?

इथे एक अवघड गोष्ट लिहायची आहे. सुमित्राताईंचा आपल्याला अभिमान आहे, मलाही आहे. चिपळूणची मुलगी इंदूरची सून होऊन येते, आठ वेळा निवडून जाते आणि २०१४ मध्ये लोकसभेची अध्यक्ष होते, ही लहान गोष्ट नव्हे. पण ३ ऑगस्ट २०१५ रोजी ताईंनी काँग्रेसच्या २५ खासदारांना पाच दिवसांसाठी निलंबित केले. ते खासदार फलक नाचवत होते, नियम मोडत होते, हे खरेच. पण त्यांच्या मागण्यांत एक मागणी व्यापमंची होती, म्हणजे तुमच्या-माझ्या मुलांची. इंदूरच्या लेकी-सुनेने त्या दिवशी थोडे अधिक ऐकून घ्यायला हवे होते असे मला तेव्हाही वाटले, आजही वाटते. ताईंनी स्वतः कितीतरी वर्षे विरोधी बाकांवर काढली होती.

विरोधकांनाही मी सोडत नाही. फलक आणायचे, हौद्यात उतरायचे, अकरा वाजता सुरू झालेले सभागृह पाच मिनिटांत बंद पाडायचे, याने सुटतो तो मंत्रीच! २०१० चे हिवाळी अधिवेशन टू-जीच्या चौकशीसाठी भाजपने असेच जवळजवळ संपूर्ण वाया घालवले होते. तेव्हा ज्यांनी टाळ्या वाजवल्या ते आता नाके मुरडतात, आणि उलटही. उत्तर न देता जेवणाची सुट्टी झाली तर कोणता मंत्री नाराज होईल?

भोपाळची तर त्याहून तऱ्हा. २०२१ चे पावसाळी अधिवेशन चार दिवसांचे ठरले, दोन दिवसांत आटोपले. २०२३ चे पाच दिवसांचे ठरले, तेही दोन दिवसांत. लग्नातले केळवणसुद्धा याहून सावकाश होते.

आणि आता इंदूरचा हिशेब मांडा. २०२३ च्या निवडणुकीत जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा भाजपला गेल्या. त्यानंतरच्या मंत्रिमंडळात त्यांतले दोघे मंत्री झाले, म्हणजे ते उत्तर देणाऱ्या बाकावर. २०२४ मध्ये जिल्ह्याचे प्रभारी मंत्रीपद खुद्द मुख्यमंत्र्यांनी आपल्याकडे घेतले. त्याच वर्षी लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवाराने माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज काढून घेतला, भाजपचा उमेदवार पावणेबारा लाखांनी जिंकला, आणि २,१८,६७४ इंदूरकरांनी 'नोटा'चे बटण दाबले. एवढ्या लोकांनी यंत्रापाशी जाऊन सांगितले की आम्हाला काही विचारायचे आहे आणि विचारायला माणूस नाही.

मग प्रश्न विचारायचे कोणी? उरलेल्या सात विधायकांनी. सत्तेतल्या माणसाने आपल्याच सरकारला विचारू नये, असा नियम कुठेही नाही. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाचा पैसा मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांत कसा गेला, हे लोकसभेत लावून धरले ते फिरोज गांधींनी. पक्षाने काँग्रेसचे, नात्याने पंतप्रधान नेहरूंचे जावई! चागला आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. नेहरूंचे सरकार त्याने पडले नाही.

आपले विधायक सत्यनारायणाला येतात, हळदीकुंकवाच्या मंडपात दोन शब्द बोलतात, गणपतीला हार घालतात. आपण शाल-श्रीफळ देतो. यापुढे शाल देताना एवढेच विचारू या, भाऊसाहेब, गेल्या अधिवेशनात आपण किती प्रश्न लावले आणि उत्तर काय आले? रागावतील असे वाटत नाही. रागावले तर शाल घरीच वापरता येईल.

मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवली आहे. आपल्या मोहल्ल्यातले नळाचे पाणी, ड्रेनेज, शाळा, दवाखाना, परीक्षा, काहीही असो, प्रश्न दोन-तीन ओळींत लिहावा. राग नको, लांबलचक कहाणी नको. तारीख आणि जागा मात्र हवी. पुढच्या अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्यांतले निवडक प्रश्न आपापल्या विधायकांच्या हाती आपण स्वतः नेऊन देणार आहोत, आणि पोच घेणार आहोत. त्या पंगतीतल्या गृहस्थांनाही मी बोलावले आहे. त्यांच्या गल्लीतला दिवा बरेच महिने बंद आहे.